मेरीलँडमध्ये काउंटी एक्झिक्युटिव्ह निवडायचाय? नोव्हेंबरची वाट बघू नका, या क्रमाने करा

दर चार वर्षांनी तेच होतं. नोव्हेंबरमध्ये मतपत्रिका हातात येते, काउंटी एक्झिक्युटिव्हच्या (म्हणजे काउंटीचा कारभार चालवणाऱ्या निवडून आलेल्या प्रमुखाच्या) रकान्यात एक-दोन नावं दिसतात, आणि मग व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न येतो की अरे ज्यांच्या पाट्या जूनमध्ये चौकाचौकात लागल्या होत्या ते बाकीचे कुठे गेले? ते प्रायमरीतच, म्हणजे पक्ष आपापला उमेदवार ठरवतात त्या आधीच्या फेरीतच गेले, आणि तेव्हा आपण पुण्याला होतो किंवा "ती पार्टीवाल्यांची निवडणूक, आपल्याला काय" म्हणून घरी बसलो होतो.

म्हणून हा लेख. राज्य मेरीलँड, उदाहरणं बरीचशी माँटगोमेरी काउंटीची, कारण जर्मनटाउन, क्लार्क्सबर्ग, रॉकव्हिल, गेथर्सबर्ग इकडे आपले लोक भरपूर आहेत, पण हॉवर्ड आणि फ्रेडरिकवाल्यांनीही वाचा, तुमचं गणित थोडं वेगळं आहे ते मध्येमध्ये सांगितलंय. व्हर्जिनिया किंवा न्यू जर्सीत राहत असाल तर यातलं काहीही जसंच्या तसं लावू नका, तिथले नियम निराळे.

सगळ्या गोंधळाचं मूळ एकच आहे. इथे या पदासाठी दोनदा मत द्यायचं असतं, आधी प्रायमरी मग नोव्हेंबर. माँटगोमेरीत १९७८ नंतर एकही रिपब्लिकन एक्झिक्युटिव्ह झालेला नाही, म्हणजे डेमोक्रॅटिक प्रायमरी जो जिंकतो तो जवळजवळ बसलाच खुर्चीत. २०१८ ला ती प्रायमरी मार्क एलरिच यांनी ७७ मतांनी जिंकली. २०२२ ला परत तेच दोघं समोरासमोर, एलरिच आणि डेव्हिड ब्लेअर, आणि फेरमोजणीनंतर फरक किती, तर ३२ मतं. दहा लाखांवर वस्तीची काउंटी आणि ३२ मतं, आपल्या मंडळाच्या गणपतीला एका पंगतीत याच्यापेक्षा जास्त माणसं बसतात!

आता क्रमाने घेऊ. क्रम बदलू नका, कारण टप्पा ४ ची मुदत गेली की पुढचं सगळं करून उपयोग नसतो.

## टप्पा १: आपल्याला मत आहे का, ते आधी

काउंटीच्या निवडणुकीत फक्त अमेरिकन नागरिक मत देऊ शकतात. ग्रीन कार्ड चालत नाही, एच-१बी, एच-४, एफ-१ काहीच चालत नाही, कितीही वर्षं टॅक्स भरलेला असो. टाकोमा पार्कसारख्या काही गावांमध्ये नागरिक नसलेल्यांनाही मत देता येतं हे खरंय, पण ते फक्त त्या गावाच्या निवडणुकीत, काउंटीच्या नाही, आणि या एका बातमीवरून लोक भलतेच निष्कर्ष काढतात.

वय १६ झालं की नोंदणी करून ठेवता येते. प्रायमरीच्या दिवशी मुलगी १७ ची असेल पण नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत १८ पूर्ण होणार असतील तर तिला प्रायमरीतही मत आहे. हे घरोघरी सुटतं, कारण त्या वेळी सगळं लक्ष कॉलेजकडे असतं.

थांबा, हे नागरिक नसलेल्यांसाठी: लायसन्स काढायला किंवा रिन्यू करायला एमव्हीएमध्ये (राज्याच्या वाहन खात्यात) जाता तेव्हा मतदार नोंदणीचा प्रश्न त्याच ओघात येतो. तिथे घाईघाईत हो-हो करत पुढे जाऊ नका. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव लागलं, किंवा त्याहून वाईट म्हणजे मत दिलं, तर पुढे सिटिझनशिपच्या अर्जात तो प्रश्न सरळ विचारलेला असतो आणि प्रकरण डिपोर्टेशनपर्यंत जाऊ शकतं. चुकून नाव लागलेलं दिसलं तर मत अजिबात देऊ नका आणि आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला.

देणगीचंही इथेच सांगतो. ग्रीन कार्डवाले उमेदवाराला पैसे देऊ शकतात, व्हिसावाले देऊ शकत नाहीत, आणि हा केंद्राचा कायदा आहे, अगदी काउंटीच्या निवडणुकीलाही लागू. नवऱ्याचा व्हिसा आणि बायको नागरिक म्हणून नवऱ्याचे पैसे बायकोच्या नावाने देणं, हेही चालत नाही. पगार न घेता पत्रकं वाटायला, फोन करायला मात्र व्हिसावाल्यांनाही हरकत नाही.

## टप्पा २: तुम्ही नक्की कुठल्या काउंटीत राहता

हसू नका, इथे चुकतात लोक. पत्त्यातलं गावाचं नाव पोस्टाच्या सोयीचं असतं. लॉरेल हा पत्ता प्रिन्स जॉर्जेसमध्ये असू शकतो, हॉवर्डमध्ये असू शकतो, ॲन अरंडेलमध्येही असू शकतो. माउंट एअरी अर्धं कॅरोल अर्धं फ्रेडरिक, आणि कॅरोलमध्ये एक्झिक्युटिव्ह हे पदच नाही, तिथे कमिशनर्सचं मंडळ कारभार बघतं.

मेरीलँडच्या २३ काउंट्यांपैकी नऊमध्येच निवडून आलेला एक्झिक्युटिव्ह असतो: माँटगोमेरी, प्रिन्स जॉर्जेस, हॉवर्ड, ॲन अरंडेल, बाल्टिमोर काउंटी, हार्फर्ड, फ्रेडरिक, सेसिल आणि वायकोमिको. बाल्टिमोर शहर हे बाल्टिमोर काउंटीत येत नाही, त्याचा कारभार वेगळा, त्याचा मेयर वेगळा आणि त्याची निवडणूक राष्ट्राध्यक्षांच्या वर्षी.

मेयरवरून आठवलं. रॉकव्हिल आणि गेथर्सबर्गला स्वतःचे मेयर आहेत, त्यांची निवडणूक विषम वर्षी नोव्हेंबरात असते, आणि तिथे मत दिलं म्हणजे काउंटीचं झालं असं नाही. उलट जर्मनटाउन, क्लार्क्सबर्ग, बेथेस्डा, सिल्व्हर स्प्रिंग, हॉवर्डमधलं कोलंबिया, एलिकॉट सिटी यांना मेयरच नाही. म्हणजे रस्ता, बर्फ काढणं, पोलीस, लायब्ररी, कचरा याबद्दल तुमची जी काय तक्रार असेल ती बहुतेक वेळा काउंटीकडेच जाते. शाळांचं बोर्ड वेगळं निवडतात पण त्यांच्या पैशाचा मोठा वाटा काउंटीच्या बजेटमधून येतो आणि ते बजेट मांडतो एक्झिक्युटिव्ह, मंजूर करते काउंटी कौन्सिल.

तपासा: प्रॉपर्टी टॅक्सचं बिल कुठल्या काउंटीचं येतं ते बघा. भाड्याने राहत असाल तर मतदार नोंदणीच्या पानावर पत्ता टाकला की काउंटी दिसते.

## टप्पा ३: नोंदणी आहे का, आणि कुठल्या नावाने आहे

स्टेट बोर्ड ऑफ इलेक्शन्सच्या वेबसाइटवर मतदार शोधायची सोय आहे. नाव, जन्मतारीख, झिप कोड टाकायचं. आता आपल्या लोकांचा नेहमीचा घोळ म्हणजे नाव सापडतच नाही. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, लायसन्सवर ते पहिल्याच नावाला चिकटलेलं, सिटिझनशिपच्या सर्टिफिकेटवर तिसरंच, आणि लग्नानंतर आडनाव एका ठिकाणी बदललंय, दुसरीकडे नाही. आधी लायसन्सवर जसं आहे अगदी तसं टाकून बघा, नाही सापडलं तर मधलं नाव पहिल्या नावाला जोडून, मग माहेरचं आडनाव. "सापडलं नाही म्हणजे नोंदणी नाही" असं धरून लगेच नवा फॉर्म भरू नका, आधी काउंटीच्या बोर्ड ऑफ इलेक्शन्सला फोन करा, ते लोक शोधून देतात आणि बोलायला बरे असतात.

सापडलं की चार गोष्टी बघायच्या:

१. पत्ता सध्याचा आहे का. टाउनहाउसमधून सिंगल फॅमिलीत गेलात आणि फक्त ॲमेझॉनला पत्ता कळवलात, असं झालंय का?
२. नावाचं स्पेलिंग.
३. स्टेटस ॲक्टिव्ह आहे का. बोर्डाचं पत्र जुन्या पत्त्यावरून परत गेलं की इनॲक्टिव्ह दिसतं.
४. पार्टी अफिलिएशन काय लिहिलंय. हाच पुढचा टप्पा.

नुकतेच नागरिक झालेल्यांनी एवढं बघावं की शपथविधी झाल्याशिवाय फॉर्म भरायचा नाही. इंटरव्ह्यू पास झाला म्हणजे नागरिक झालो असं नव्हे. शपथ, सर्टिफिकेट हातात, मग नोंदणी.

## टप्पा ४: पार्टी. इथेच सगळे अडकतात

मेरीलँडची प्रायमरी बंद असते. म्हणजे डेमोक्रॅटिक प्रायमरीत फक्त डेमोक्रॅट म्हणून नोंदलेले, रिपब्लिकनमध्ये फक्त रिपब्लिकन म्हणून नोंदलेले. तुमच्या नोंदणीत "अनअफिलिएटेड" (कुठल्याच पक्षात नाही) असेल तर तुम्हाला प्रायमरीला मतपत्रिका मिळेल खरी, पण तिच्यावर साधारण शाळा बोर्डाची निवडणूक तेवढी असेल, एक्झिक्युटिव्ह नसेल, कौन्सिल नसेल, गव्हर्नरही नसेल. लोक बूथवर जाऊन भांडतात की माझ्या पत्रिकेवर नावंच नाहीत. त्यात बूथवरच्या स्वयंसेवकाचा काही दोष नसतो.

आपल्याकडे अनअफिलिएटेड इतके का? मला वाटतं भारतातून आलेला माणूस "पक्षात नोंदणी" म्हटलं की दचकतो, त्याला वाटतं पक्षाचा सदस्य झालो, उद्या वर्गणी मागतील, नोकरीत अडचण येईल, किंवा नोव्हेंबरमध्ये त्याच पक्षाला मत द्यावं लागेल. यातलं काहीही नाही. पैसे भरायचे नसतात, सभेला जायचं नसतं, नोव्हेंबरमध्ये मत कुणालाही द्या, आणि पुढच्या वर्षी परत अनअफिलिएटेड व्हायचं असेल तर तेही व्हा. एक खरा तोटा आहे तो सांगतो: तुमची पार्टी मतदार यादीत दिसते आणि प्रचारवाल्यांना ती यादी मिळते, त्यामुळे पत्रकं आणि मेसेज वाढतात. सहन करा.

मुदत: पार्टी बदलायची शेवटची तारीख प्रायमरीच्या २१ दिवस आधी. २०२२ ला प्रायमरी १९ जुलैला होती तर मुदत २८ जूनला संपली. ही तारीख गेली की गेली.

सगळ्यात जास्त होणारी चूक: मेरीलँडमध्ये मतदानाच्या दिवशीही नोंदणी करता येते, हे बरोबर आहे. पण ते नाव नसलेल्यांसाठी किंवा पत्ता बदलायला. आधीच नोंदणी आहे आणि पार्टी बदलायचीय, तर ते अर्ली व्होटिंगलाही (मतदानाच्या दिवसाआधी केंद्रावर जाऊन मत देतात तेव्हाही) होत नाही आणि मतदानाच्या दिवशीही होत नाही. "सेम डे आहे ना, तेव्हा बघू" म्हणणारे दर वेळी इथेच आपटतात.

बदलायचं कसं, तर स्टेट बोर्डाच्या ऑनलाइन नोंदणीच्या पानावर जायचं, मेरीलँडचं लायसन्स हाताशी ठेवायचं, त्यातून माहिती अपडेट करायची, पाचेक मिनिटांचं काम. कागदी फॉर्मही आहे, पण शेवटच्या आठवड्यात पोस्टाच्या नादाला लागू नका. ऑनलाइन केल्यावर पुष्टीचं पान सेव्ह करा, आणि काही दिवसांनी टप्पा ३ प्रमाणे परत शोधून नवी पार्टी दिसते का बघा.

कुठली पार्टी निवडायची हे मी सांगणार नाही, पण काउंटीप्रमाणे गणित कसं बदलतं ते सांगतो. माँटगोमेरीचं वर आलंच. हार्फर्डमध्ये उलटं आहे, तिथे खरी चुरस रिपब्लिकन प्रायमरीत असते. हॉवर्डमध्ये २०१४ ला रिपब्लिकन ॲलन किटलमन निवडून आले आणि २०१८ ला डेमोक्रॅट कॅल्विन बॉल यांनी त्यांना हरवलं, म्हणजे तिथे नोव्हेंबरही महत्त्वाचा. फ्रेडरिकमध्ये तर २०२२ च्या नोव्हेंबरात मतदानाच्या रात्री एक उमेदवार पुढे होता आणि टपालाची मतं मोजल्यावर जेसिका फिट्झवॉटर जिंकल्या. तेव्हा फ्रेडरिकवाल्यांनो, तुमची दोन्ही मतं मोलाची आहेत, एक सोडून चालणार नाही.

## टप्पा ५: तारखा आणि इंडिया ट्रिप

एक्झिक्युटिव्हची निवडणूक गव्हर्नरच्या वर्षी असते: २०१८, २०२२, २०२६ असं. नोव्हेंबरची तारीख सोपी, ३ नोव्हेंबर २०२६. प्रायमरी साधारण जूनच्या उत्तरार्धात असते, पण गृहीत धरू नका, २०२२ ला मतदारसंघांच्या कोर्टकेसमुळे ती जूनवरून १९ जुलैला ढकलली होती. अधिकृत तारीख स्टेट बोर्डाच्या पानावरूनच घ्या, फॉरवर्डवरून नाही.

मधल्या वर्षीही निवडणूक येऊ शकते. प्रिन्स जॉर्जेसच्या अँजेला ऑल्सोब्रुक्स सेनेटवर गेल्या तेव्हा तिथे २०२५ मध्ये विशेष निवडणूक झाली, मार्चमध्ये प्रायमरी आणि जूनमध्ये मुख्य.

आता खरी अडचण. शाळा सुटतात जूनच्या मध्यावर आणि विमानं पण तेव्हाच निघतात. तिकीट काढायच्या आधी एकदा कॅलेंडर बघा, म्हणजे मग या तीनपैकी एक करता येतं:

अर्ली व्होटिंगच्या काळात इथे असाल तर मत देऊनच विमानतळावर जा. अर्ली व्होटिंग आठ दिवस असतं, मतदानाच्या आधीच्या दुसऱ्या गुरुवारी सुरू होतं आणि मतदानाच्या आदल्या गुरुवारी संपतं.

त्याआधीच निघणार असाल तर मेल-इन बॅलटची मागणी शक्य तितक्या लवकर करा, पत्रिका घरी आली की भरा, ड्रॉप बॉक्सेस लागले असतील तर त्यात टाका, नाहीतर पोस्टात द्या आणि मग बॅगा भरा.

पत्रिका यायच्या आधीच उडणार असाल तर इंटरनेटवरून पत्रिका मिळवायचा पर्याय निवडा. लिंक येते, पत्रिका डाउनलोड करून प्रिंट काढायची, भरायची. पण लक्षात ठेवा, ती परत ईमेलने पाठवता येत नाही. कागदच परत पोचवावा लागतो. पुण्याहून साध्या टपालाने पाठवून देवावर हवाला ठेवण्यापेक्षा कुरिअर करा आणि चांगले दोन आठवडे हातात ठेवा.

## टप्पा ६: टपालाने मत, आणि त्यातल्या बारीक चुका

मेल-इनसाठी कारण द्यावं लागत नाही, कुणीही मागू शकतं. कायमच्या यादीतही नाव घालता येतं, म्हणजे दर निवडणुकीला पत्रिका आपोआप येते. मागणीची मुदत: पत्रिका पोस्टाने हवी असेल तर मतदानाच्या आदल्या मंगळवारपर्यंत, इंटरनेटवरून हवी असेल तर आदल्या शुक्रवारपर्यंत. तेवढं ताणू नका पण.

पत्रिका बाद होते ती बहुतेक अशा कारणांनी:

- पाकिटावरच्या शपथेखाली सही नाही. सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक.
- नवराबायकोच्या पत्रिका एकाच पाकिटात घातल्या. प्रत्येकाचं पाकीट वेगळं आणि ज्याचं त्याने सही केलेलं. डायनिंग टेबलावर चौघं एकत्र बसून भरत असाल तर एकाचं पूर्ण संपवून चिकटवा, मगच दुसऱ्याचं उघडा.
- पत्रिकेवर नाव, सही, शेरा काहीतरी लिहिलं. पत्रिकेवर गोल काळे करण्याशिवाय काही करायचं नाही.
- पोस्टाचा शिक्का मतदानाच्या दिवसानंतरचा पडला. नियम असा की शिक्का मतदानाच्या दिवसापर्यंतचा हवा, पण तुम्ही सकाळी पेटीत टाकलेल्या पाकिटावर शिक्का त्याच दिवशी पडेल असं नाही.

म्हणून शेवटच्या आठवड्यात पोस्ट वापरूच नका, आपल्या काउंटीच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाका. मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत तो चालू असतो. घरी आलेल्या पत्रिकेसोबतच्या पाकिटाला तिकीट लागत नाही, पण स्वतः प्रिंट काढली असेल तर पाकीट आणि तिकीट दोन्ही तुमचं.

थांबा: मेल-इन मागवलीत आणि मग "जाऊ दे, बूथवरच जातो" असं ठरवलंत, तर तिथे तुम्हाला साधी पत्रिका देत नाहीत, प्रोव्हिजनल, म्हणजे आधी तपासून मग मोजायची पत्रिका देतात. मत वाया जात नाही, पण मोजणी उशिरा होते आणि रांगेत वेळ जातो. एक मार्ग धरा आणि त्यालाच चिकटून राहा.

## टप्पा ७: उमेदवार वाचून ठेवा, कागदावर

पत्ता टाकला की नमुना पत्रिका मिळते. तीच प्रिंट करा. एक्झिक्युटिव्हला एकच गोल भरायचा, पण माँटगोमेरीच्या कौन्सिलमध्ये ११ जण असतात, त्यातले चार पूर्ण काउंटीतून आणि सात जिल्ह्याजिल्ह्यांतून, त्यामुळे एका रकान्यात चारपर्यंत नावं भरता येतात आणि दुसऱ्यात एकच. ठरलेल्यापेक्षा जास्त भरली तर त्या रकान्यातलं एकही मत धरत नाहीत. कमी भरली तर चालतं.

दुसरी फेरी नसते. अर्ध्यापेक्षा जास्त मतं हवीत असंही काही नाही, ज्याला सगळ्यात जास्त तो जिंकला. २०१८ ला माँटगोमेरीची डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकणाऱ्याला जेमतेम २९ टक्के मतं होती. त्यामुळे आवडता उमेदवार पाचव्या नंबरवर दिसत असेल तर काय करायचं हा विचार आधीच करून ठेवा, बूथवर गोल भरताना नाही.

वाचायचं काय? पत्रकांवर सगळेच शाळा आणि सुरक्षा म्हणतात, त्यातून काही कळत नाही. मी तीन गोष्टी बघतो. प्रॉपर्टी टॅक्सबद्दल आकड्यात काही बोललाय का. नवीन घरं आणि झोनिंगबद्दल काय म्हणतो, कारण माँटगोमेरीत खरा वाद तिथेच असतो. आणि पैसे कुठून घेतो: माँटगोमेरी आणि हॉवर्डमध्ये सार्वजनिक निधीची योजना आहे, तीत उमेदवार फक्त लहान देणग्या घेतो आणि काउंटीतल्या रहिवाशांच्या देणगीवर काउंटी भर घालते. ती घेतलीय की नाही यावरून चांगलं-वाईट ठरवू नका, पण माहीत असावं. हिशेब स्टेट बोर्डाच्या साइटवर उघड असतात.

मतपत्रिकेची मागची बाजू विसरू नका. नोव्हेंबरमध्ये तिथे काउंटीच्या सनदेतले बदल असतात. २०२४ ला माँटगोमेरीच्या मतदारांनी अशाच एका प्रश्नावर एक्झिक्युटिव्हला दोनच टर्म असं ठरवून टाकलं, त्यामुळे २०२६ ला एलरिच यांना परत उभंच राहता येत नाही. एवढी मोठी गोष्ट, आणि होती पत्रिकेच्या शेवटाला.

मंडळवाल्यांसाठी एक: तुमचं महाराष्ट्र मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल तर मंडळाच्या नावाने कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही, मंडळाच्या ईमेल यादीवरून पण नाही. उमेदवारांना बोलवायचं तर सगळ्यांना सारखी संधी द्या. कमिटीतला माणूस स्वतःच्या नावाने काय वाटेल ते करू शकतो.

## टप्पा ८: बूथवर

वेळ सकाळी ७ ते रात्री ८. रात्री ८ ला रांगेत उभे असाल तर मत देता येतं, निघून जाऊ नका. अर्ली व्होटिंगला काउंटीतलं कुठलंही केंद्र चालतं, पण मतदानाच्या दिवशी तुमचं ठरलेलंच बूथ. मागच्या वेळी ज्या शाळेत गेलात तीच असेल असं धरू नका, आदल्या दिवशी तपासा.

बहुतेकांना ओळखपत्र मागत नाहीत, नाव, पत्ता आणि जन्माचा दिवस-महिना विचारतात. पण पहिल्यांदाच मत देत असाल तर लायसन्स जवळ ठेवा, आणि सेम डे नोंदणी करायची असेल तर पत्त्याचा पुरावा लागतोच, लायसन्स नाहीतर नाव-पत्ता असलेलं विजेचं बिल, बँक स्टेटमेंट, पगाराची स्लिप असं काही.

फोन आत वापरता येत नाही. उमेदवारांची यादी फोनच्या नोट्समध्ये ठेवून गेलात तर पंचाईत. म्हणूनच वर म्हटलं कागदावर. प्रिंट केलेला कागद आत नेता येतो. गोल काळे करतानाचा सेल्फी तर विसराच.

आईबाबा नागरिक झाले असतील आणि इंग्रजी वाचायला अडचण असेल तर ते मदतीला स्वतःच्या पसंतीचा माणूस आत नेऊ शकतात, म्हणजे तुम्हालाही. फक्त तो माणूस त्यांचा मालक किंवा युनियनचा प्रतिनिधी नको. पत्रिका मराठीत नसते, माँटगोमेरीत इंग्रजी आणि स्पॅनिश असते. मदत म्हणजे वाचून दाखवणं आणि ते सांगतील तो गोल भरणं, "बाबा तुम्हाला कळत नाही, मी भरतो" हे नाही.

पत्रिका तुम्हीच स्कॅनरमध्ये घालायची. एखाद्या रकान्यात जास्त गोल भरले गेले तर मशीन सांगतं, तेव्हा "ठीक आहे" दाबून पळू नका, नवी पत्रिका मागा, देतात.

कामावरून सुटत नसाल तर मेरीलँडच्या कायद्याने मतदानासाठी दोन तासांपर्यंत पगारी सुटी मिळते, मतदानाच्या वेळात तुमचे सलग दोन तास मोकळे नसतील तर. आदल्या दिवशी मॅनेजरला कळवून ठेवा.

## टप्पा ९: मत दिल्यावर

टपालाने दिलं असेल तर साइटवर पत्रिका पोचली का, स्वीकारली का ते दिसतं. सही राहिली वगैरे असेल तर बोर्ड संपर्क करतं आणि दुरुस्त करायची संधी देतं, पण ती ठरावीक दिवसांपुरती, म्हणून अनोळखी नंबर म्हणून फोन कट करू नका आणि स्पॅम फोल्डर बघा. मागणीच्या फॉर्मवर चालू फोन नंबर आणि ईमेल टाकायचा तो यासाठीच.

प्रोव्हिजनल दिलं असेल तर साधारण दहा दिवसांनी ते मोजलं का, नाही तर का नाही, हे साइटवर बघता येतं. "नाही" आलं आणि कारण जुना पत्ता किंवा चुकीचं बूथ असेल, तर त्याच दिवशी नोंदणी दुरुस्त करून टाका, कारण प्रायमरीत हे झालं असेल तर नोव्हेंबर अजून हातात आहे.

निकालाची घाई करू नका. मतदानाच्या रात्रीचे आकडे अर्धवट असतात. २०२२ ला माँटगोमेरीचा डेमोक्रॅटिक उमेदवार नक्की व्हायला ऑगस्ट उजाडला, आणि तोपर्यंत ग्रुपवर दोन्ही बाजूंचे पेढे वाटून झाले होते.